चार अंश शिल्लक

मुळशीला लोक धरणाचं पाणी बघायला जातात, नाहीतर कुणाच्या तरी बंगल्यावर दोन दिवस लोळायला. मी गेले ती सहा फुटी लाल-पांढरी काठी, तिपाई, ओळंबा, टेप आणि होकायंत्र घेऊन. पौडच्या बसमध्ये कंडक्टर म्हणाला, काठीचं वेगळं तिकीट पडेल. मी म्हटलं, काठी बसणार नाही, उभी राहील. भूगावपर्यंत आमचा वाद चालला. पुढे गर्दी एवढी वाढली की ती काठी त्यालाच धरून उभं राहावं लागलं.

मी बार्शीची. शेतं, प्लॉट, बांध मोजून देणं हा माझा धंदा. पंचवीस वर्षांपूर्वी सोलापूरच्या वसतिगृहात शमीम मुलाणी माझ्या खोलीत होती. ती आता पौडजवळच्या एका शाळेत शिकवते आणि वडिलांसोबत कासार आंबोलीत राहते. मेच्या मध्यात तिचा फोन आला. "सुनंदा, अब्बांचं एक काम अडलंय. तुझी काठी घेऊन ये. पण शेवटच्याच आठवड्यात ये, आधी नको."

जमीन कुणाची, विचारलं. ती म्हणाली, "जमीन नाही. दिशा मोजायची आहे."

बुधवार, कासार आंबोली

शमीमचे वडील मुफ्ती आहेत. मुफ्ती म्हणजे इस्लामी कायद्याचा जाणकार. लोक अडचण विचारतात, तो ग्रंथ पाहून उत्तर देतो, त्या उत्तराला फतवा म्हणतात. हा शब्द ऐकला की आपल्याकडे चेहरे आक्रसतात. मुफ्तीसाहेबांच्या पडवीत तासभर बसलं तर चेहरा सैल होतो, कारण तिथे येणारे प्रश्न तुमच्याआमच्या घरातलेच असतात.

घर साधं आहे. एका बाजूला कुणाच्या तरी बंगल्याची काचेची भिंत, दुसऱ्या बाजूला यांचं भाताचं खाचर. मुफ्तीसाहेबांचं वय सत्तरीला टेकलेलं. अंगात पांढरा सदरा, डोळ्यांना जाड चष्मा आणि नखांत माती. वडील गावोगावच्या जत्रांत बकरी कापणारे मुलाणी. धनगरांच्या वाड्यांवर त्यांना मान होता. मुलगा आठ वर्षं उत्तरेत मदरशात शिकून मुफ्ती होऊन आला, तेव्हा वडील म्हणाले होते म्हणे, "एवढं शिकलास ते बरं झालं, पण सुरी धरायला विसरला न्हाईस ना?" त्यांनी पोटासाठी शेती केली. उत्तर देण्याबद्दल कुणाकडून काही घेतलं नाही.

त्यांची कामाची रीत मला आवडली, कारण ती मोजणीदाराची रीत आहे. प्रश्न विचारणाऱ्यानं तो स्वतः लिहून आणायचा. लिहिता येत नसेल तर शमीम लिहून घेणार आणि तीनदा वाचून दाखवणार. उत्तर त्या दिवशी मिळत नाही. मुफ्तीसाहेब त्यावर एक रात्र झोपतात. सकाळी उत्तर लिहायचं, मराठीत, कारण इथल्या मुसलमानांना उर्दू येत नाही. आमच्या बार्शीकडे मुसलमान घरात दखनी बोलतात, इथे चुलीपाशीसुद्धा मावळी मराठी. मग त्या उत्तराची नक्कल वहीत. लाल कापडी पाठीच्या अकरा लांबलचक वह्या फळीवर उभ्या आहेत, आणि त्यांचं पुस्तक करायचं म्हणून शमीम दोन वर्षं ते सगळं टाइप करते आहे.

मी एक वही चाळली. लवळ्याच्या वसतिगृहाच्या कँटीनमध्ये भांडी घासणाऱ्यानं विचारलंय, की ज्या भांड्यात मला वर्ज्य असलेलं शिजतं ते घासलं तर माझी मजुरी हराम का? लवासातल्या एका गवंड्यानं विचारलंय, अर्धवट राहिलेल्या इमारतीत सावली बरी असते, मालकाला न विचारता तिथे नमाज पढावी का? एका धनगर बाईचा प्रश्नही आहे. कुत्र्यानं चावलेलं बकरू मुसलमानाला विकलं तर मला पाप लागेल का? तिलाही उत्तर दिलंय. चावा सांगून विका, एवढंच. प्रत्येक उत्तराच्या खाली तीच ओळ: अल्लाह अधिक जाणतो.

"ही ओळ टाइप करून माझी बोटं झिजली," शमीम म्हणाली. "अब्बांना म्हटलं, पुस्तकाच्या शेवटी एकदाच घालू, पंचवीस पानं वाचतील. ऐकत नाहीत."

"प्रत्येक उत्तर वेगळं चुकू शकतं," मुफ्तीसाहेब पडवीतून म्हणाले. "एकदाच माफी मागून कसं भागंल?"

पुस्तक जवळजवळ पूर्ण आहे. अडलंय ते एका उत्तरावर, आणि माझं काम तेच होतं.

मुफ्तीसाहेबांनी पहिली वही काढली आणि चौथं पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीची नोंद. धरणाच्या वरच्या अंगाला एक गाव आहे. त्याचं नाव मी लिहीत नाही, शमीमला तसा शब्द दिलाय. तिथली पंधरा-वीस मुसलमान घरं मशीद बांधणार होती. मशिदीची भिंत मक्केच्या दिशेला, म्हणजे किबल्याला, काटकोनात हवी. कबरीतही चेहरा तिकडेच ठेवतात. गावकऱ्यांनी माणूस पाठवून विचारलं, तोंड कुणीकडं करायचं? उत्तर एका ओळीचं होतं: सूर्य मावळतो तिकडे तोंड करून दोरी धरा.

"माझ्या ग्रंथात असं नव्हतं," ते म्हणाले. "ग्रंथात आहे, की हिंदुस्थानात हिवाळ्यात सूर्य जिथं मावळतो आणि उन्हाळ्यात जिथं मावळतो, त्या दोन जागांच्या मधे किबला धरावा. मी पंचवीस वर्षांचा होतो. नवीनच आलेलो. माणूस दारात उभा, म्हणतोय माझी गाडी चुकंल. मी रात्र जाऊ दिली नाही. दोन जागा सांगितल्या नाहीत. एकच सांगितली."

"आणि त्यांनी दोरी कधी धरली?"

"पौषात."

पौषात सूर्य दक्षिणेकडे किती सरकलेला असतो ते मला पाठ आहे.

रमजानमध्ये त्या गावच्या आसिफ नावाच्या तरुणानं मोबाइलवर किबला बघितला आणि भांडण पेटलं. तेव्हापासून त्या पत्र्याच्या मशिदीत म्हातारे भिंतीला धरून उभे राहतात आणि तरुण चटया तिरक्या टाकतात. आता जुनी पाडून नवी बांधायची आहे. लोखंड येऊन पडलंय, पण पाया कुठल्या रेषेत खणायचा यावर दोन महिने एक टिकाव पडलेला नाही.

"थोडंफार इकडंतिकडं चालत नाही का?" मी विचारलं.

"चालतं. लांबच्या माणसाला सवलत आहे. समोरून दोन्ही बाजूंना वर्तुळाचा आठवा हिस्सा. तेवढ्यात असलात तर नमाज झाली."

"म्हणजे पंचेचाळीस अंश."

"हां. पंचेचाळीसच्या आत असंल तर माझी चूक झाली, पण लोकांचं नुकसान नाही. पंचेचाळीसच्या बाहेर गेली असंल," त्यांनी चष्मा पुसला, "तर चव्वेचाळीस वर्षांच्या नमाजा आणि तितक्या सगळ्या कबरी माझ्या एका ओळीनं सवलतीच्या बाहेर नेल्या. मला आकडा पाहिजे, सुनंदाबाई. बरा असो, वाईट असो."

शमीमनं मला नंतर स्वयंपाकघरात सांगितलं, की ओळखीच्या दोघा मौलवींनी त्यांना सल्ला दिला होता, मोजू नका. न मोजता सवलतीत आहे म्हणून टाका, कोण तपासतंय?

रात्री आंबेमोहोर भात, सुकटीची आमटी आणि करवंदाची चटणी. मला भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही हे मी बोलले नव्हते, पण शमीम पंचवीस वर्षांनंतरही विसरली नव्हती. तिनं नाचणीची एक भाकरी थापली. काळी आणि मऊ. आमच्या कडक ज्वारीपुढे ती लेचीपेचीच, पण चटणीशी चांगली लागते.

गुरुवार, वरचं गाव

सकाळी शमीमच्या स्कूटरवर आम्ही दोघी, मागे एका रिक्षात मुफ्तीसाहेब आणि तिपाई. जलाशयाचं पाणी मेमध्ये खूप खाली गेलेलं असतं. लाल मातीचे पट्टे उघडे पडतात आणि त्यावर शेरडं चरतात. हिरवी मुळशी बघायची असेल तर मेमध्ये येऊ नका. डोंगर ओळखायचे असतील तर याच महिन्यात या. त्यांच्या अंगावर काही नसतं.

मशिदीच्या अंगणात पोचल्यावर मला पहिल्या दोन मिनिटांत दोन गोष्टी कळल्या. एक, गावाच्या पश्चिमेला उंच धार आहे. तिच्याआड सूर्य खरा मावळण्याच्या बराच आधी जातो, आणि हिवाळ्यात सूर्य खाली उतरता उतरता उत्तरेकडे सरकत असतो. त्यामुळे धारेवर दोरी धरली तर चूक आणखी दक्षिणेला जाणार. म्हणजे पौषानं केलेल्या चुकीवर डोंगरानं भर घातली होती. दुसरी गोष्ट आसिफनं स्वतःच दाखवली.

आसिफ बत्तीस-तेहतीसचा, हिंजवडीला एका कंपनीच्या गाड्या चालवतो. त्यानं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "बघा मॅडम, क्लिअर आहे. मशीद टोटल राँग आहे."

"चार पावलं तिकडे जा आणि परत बघ."

तो गेला. बाण वीसेक अंश फिरला. तो जिथे उभा होता तिथे नव्या बांधकामाच्या सळयांचा ढीग होता.

"लोखंड जवळ असलं की होकायंत्र बहकतं," मी म्हटलं. "तुझंच नाही, माझंही. पण तुझ्या मोबाइलवर भांडण करण्याआधी निदान ढिगापासून लांब तरी उभं राहायचंस."

पायरीवर बसलेले कासमभाई मोठ्यानं हसले. सत्तरीचे, म्हाताऱ्यांच्या बाजूचे पुढारी. त्या पौषात दोरीचं एक टोक त्यांनी धरलं होतं. "लई शानं झालंय ते. बापाला नमाज शिकवतंय."

"आणि तुमी डोंगराला मक्का समजलाव," आसिफ म्हणाला.

मी तिपाई उघडून सळयांपासून लांब मांडायला लागले, तेव्हा कासमभाईंचं हसू थांबलं. ते मुफ्तीसाहेबांकडे वळले. "एक इचारू का? बाई शान्या आसत्याल. पण आपल्यातल्या न्हाईत. त्यांच्या सांगण्यावर किबला ठरवायचा का आमी?"

शमीमचा चेहरा लाल झाला. मी मुफ्तीसाहेबांकडे बघितलं, की ते आता काहीतरी मोठ्या मनाचं बोलतील.

"कासमभाई बरोबर बोलतायत," ते म्हणाले. "किबला यांच्या सांगण्यावर ठरणार नाही. माझ्याही नाही. एकदा माझ्या सांगण्यावर ठरवलात, त्याचं काय झालं बघा."

मला राग आला. तो लपवून इथे लिहिण्यात अर्थ नाही. दोनशे किलोमीटर काठी वाहून आणायची आणि वर हे ऐकायचं.

मग त्यांनी सगळ्यांना खाली बसवून समजावलं, आणि शेवटच्याच आठवड्यात का बोलावलं ते मला तेव्हा कळलं. वर्षातून दोनदा तिथल्या भर दुपारी सूर्य बरोबर मक्केच्या डोक्यावर येतो. एकदा मेच्या अखेरीस, एकदा जुलैत. त्या क्षणी जगात जिथे जिथे सूर्य दिसत असेल, तिथून सूर्याकडे तोंड म्हणजे मक्केकडे तोंड. जमिनीत सरळ काठी उभी केली की तिची सावली किबल्याच्या बरोबर उलट पडते. आपल्या घड्याळात ती वेळ दोन अठ्ठेचाळीस. "जुलैत हितं सूर्य दिसत नाही," ते म्हणाले. "म्हणून मे. कुणाच्या शब्दाची गरज नाही. आसिफ काठी धरंल, कासमभाई सावलीवर खूण करतील, बाकीचे बघतील. बाई फक्त काठी सरळ उभी आहे का ते ओळंब्यानं सांगतील. तेवढं तर त्यांना आपल्यापेक्षा कळतं."

यात मला खोट काढता आली नाही. माझ्या धंद्यातही दोन भावांत बांधाचं भांडण असलं की मी टेपची दोन टोकं दोघांच्या हातात देते.

दोन वाजता काठी उभी राहिली. सव्वादोनला डोंगरामागून ढग आले. अडीचला सावली पुसली गेली. दोन अठ्ठेचाळीसला अख्खं गाव वर बघत होतं आणि वर राखाडी गोधडी पसरली होती. सव्वातीनला सूर्य बाहेर आला, कडक, निर्लज्जासारखा.

"उद्या," मी म्हटलं. "एखादा दिवस मागेपुढे झाला तर फरक नगण्य पडतो. परवा मात्र मी थांबणार नाही."

भरीस भर म्हणून, मी पाणी प्यायला गेले तेवढ्यात एका शेळीनं ओळंब्याचा दोरा खाल्ला. शिसं जमिनीवर आणि शेळी शांतपणे उरलेलं चघळतेय. शेळीची धनगरीण लांबूनच ओरडली, "ती न्हाई सोडायची आता. बेस हाय का दोरा?"

दुपारी उशिरा जेवण हलिमाबीकडे. हलिमाबी म्हणजे आसिफची आजी. पाठीत वाकलेली, जिभेनं ताठ. चिलापी मासा आणि तांदळाची भाकरी वाढता वाढता तिनं गोधडीचा जाड काळा दोरा काढून दिला, तोंडानं तोडून. "ह्यो न्हाई खायची शेळी. मी तेलात बुडवलेला हाय."

मग जवळ बसून हळू विचारलं, "बाई, खरं सांगा. तिकडं मशिदीमागं आमचा म्हातारा हाय. त्याच्या शेजारी माजी जागा धरल्याली हाय. कबरीबी त्याच दोरीनं खणल्यात. आता आसिफ म्हनतोय, नवी कबर नव्या रेघंत. मंग मी म्हाताऱ्याला तिरकी झोपू का? पन्नास वरसं एका गोधडीत काडली."

मी म्हटलं, "मला तुमचा कायदा कळत नाही."

"आसिफलाबी न्हाई कळत. पर तो गप बसंल तवा ना."

शुक्रवार, तिथेच

त्या रात्री मी फार झोपले नाही, आणि कारण डास नव्हते. आमच्या धंद्यात जागेवर न जाता टेबलावर बसून नकाशा काढणारे आहेत. एकदा मीही काढलाय. माणूस दारात घाई करत होता, जुना नकाशा समोर होता, पुन्हा कशाला जायचं म्हणून मी सही केली. पुढे तिथे काय झालं हे मी कधी विचारलं नाही. मुफ्तीसाहेबांना लोकांनी सांगितलं होतं, मोजू नका. मला ते सांगायलाही कुणी लागलं नव्हतं.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज दोनच्या आत संपली. सगळे अंगणातच थांबले. बायका कुंपणापाशी, त्यांत हलिमाबी पाट टाकून बसलेली. आकाशात ढग होतेच, पण तुकड्यातुकड्यांचे. दोन चाळीसला एक मोठा तुकडा सूर्यावर आला. कासमभाई कोळसा हातात घेऊन बसले होते.

"आजबी न्हाई दिसला तर?" कुणीतरी म्हणालं.

"तर पुढच्या साली," मुफ्तीसाहेब म्हणाले. "चव्वेचाळीस थांबलं, पंचेचाळीसावं."

दोन चव्वेचाळीसला ढगाची कड पेटली आणि काठीपुढे सावली पडली. आसिफ इतका घट्ट धरून उभा होता की मी त्याला दोनदा म्हटलं, "गळा दाबू नकोस तिचा, सैल धर." काळा दोरा काठीला समांतर लटकत होता. मी एक डोळा मिटून बघितलं. "थोडी डावीकडे. बास. हलू नकोस."

शमीम घड्याळ बघत मोठ्यानं सेकंद म्हणत होती. ती म्हणाली, "आता."

कासमभाईंनी काठीच्या बुडाशी एक खूण केली आणि सावलीच्या टोकाशी दुसरी. मग दोन्ही खुणांवर दोरी ताणून चुन्याची रेघ मारली, भिंतीपर्यंत. रेघ भिंतीला जिथे मिळाली तिथे कुणाला काही समजावून सांगायची गरज उरली नाही. भिंत एकीकडे होती, रेघ दुसरीकडे. कासमभाई रेघेकडे बघत जमिनीवरच बसून राहिले. आसिफनं काठी माझ्या हातात दिली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसला. बाजूलाच बसला, समोर नाही.

मुफ्तीसाहेब माझ्याकडे वळले. "दिशा सावलीनं सांगितली. किती चुकली ते आता तुम्ही सांगा. मोजमाप हा तुमचा इलाका, तिथं तुमचाच शब्द."

कालचा राग तेवढ्यात गेला असं मी म्हणणार नाही, पण मी टेप काढली. काठीच्या बुडाच्या खुणेपासून मशिदीचं तोंड जिकडे होतं त्या रेषेत दहा फूट मोजले. तिथून काटकोनात चुन्याच्या रेघेपर्यंत आठ फूट आणि आठ इंचांहून थोडं वर. टेपचं एक टोक कासमभाईंनी धरलं. परत मोजलं. तिसऱ्यांदा दुसऱ्या जागेवरून मोजलं. आकडेमोड करताना सगळे माझ्या पेनकडे बघत होते. पंचेचाळीसला ते दहाला दहा आलं असतं.

"एक्केचाळीस," मी म्हटलं.

मुफ्तीसाहेबांनी डोळे मिटले. त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी विचारलं, "बारीकसारीक चूक धरली तरी?"

"धरली तरी अर्धा अंश. फार तर एक."

"म्हणजे चार शिल्लक."

"चार. अगदी वाईट धरलं तर तीन."

त्यांनी उभं राहून लोकांना सांगितलं. माईक नव्हता, आवाजही मोठा नव्हता. "चूक तुमची नव्हती. तुम्ही विचारलं होतं. ज्याला दिशा माहीत नाही, त्यानं जाणकाराला विचारून नमाज पढली, त्याची नमाज झाली. चूक माझी होती. मला या गावापर्यंत यायला पाय होते. मी आलो नाही. नवी मशीद या रेघेत बांधा. जुन्या कबरींना कुणी हात लावायचा नाही."

कुंपणापासून हलिमाबी म्हणाली, "आन् माजं?"

सगळे वळले. तिनं कालचा प्रश्न मोठ्यानं परत विचारला, गोधडीसकट. कुणी हसलं नाही.

"उद्या सांगतो," मुफ्तीसाहेब म्हणाले.

"उद्या? मी उद्यापातूर आसंन का नसंन. आत्ता सांगा की. तुमास्नी येतंय उत्तर, तोंडावर दिसतंय."

"येतंय. म्हणूनच उद्या."

"आरं देवा," म्हातारी म्हणाली. "मागल्या टायमाला घाई केली म्हनून आता माज्यावर येळ काडा."

शनिवार, कासार आंबोली

सकाळी सात वाजता आसिफच्या मोटारसायकलवरून हलिमाबी दारात उतरली. एवढा घाटरस्ता करून आल्यावर पाठ धरून पडवीत टेकली, चहा मागितला आणि म्हणाली, "हाय मी. लिव्हलंत का?"

मुफ्तीसाहेबांनी लिहिलं होतं. कागद शमीमनं वाचला. प्रश्न तिच्याच शब्दांत, मग उत्तर: जुन्या रांगेतली रेषा सवलतीच्या आत आहे. शेजारी नवऱ्याची कबर आहे व जागा आधीपासून धरलेली आहे, म्हणून विचारणाऱ्या बाईंची कबर त्याच रांगेत खणण्यास हरकत नाही. आत ठेवताना चेहरा जमेल तितका नव्या रेघेकडे वळवावा. अल्लाह अधिक जाणतो.

"वळवा की," हलिमाबी म्हणाली. "मान तेवडी फिरंल. पाठ न्हाई म्हाताऱ्याकडं करायची म्हंजी झालं." आसिफ भिंतीकडे बघून हसत होता. तिनं त्याच्या गुडघ्यावर एक दिली. "तू धरशीन ना नीट? का मोबाइल बघत ऱ्हाशील?"

मुफ्तीसाहेबांनी पहिली वही घेतली आणि चौथ्या पानावर, त्या एका ओळीच्या शेजारी समासात, लिहायला सुरुवात केली. मी खांद्यावरून वाचलं. हे उत्तर मी जागा न पाहता व रात्र न जाऊ देता दिले. ते अपुरे होते. दुरुस्ती अमुक पानावर. त्यांनी जुनी ओळ खोडली नाही. मी कारण विचारलं.

"खोडली तर पुढच्या माणसाला चूक कशी झाली ते कळणार नाही."

मग त्यांनी पेन उचललं, परत ठेवलं, आणि जुन्या ओळीखाली बोट धरलं. तिथे दोन ओळींच्या मधे जेमतेम एका ओळीची जागा होती. बुधवारी ती ओळ बघूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. अकरा वह्यांत फक्त या एका उत्तराखाली ते नेहमीचं वाक्य नव्हतं. त्या दिवशी माणसाची गाडी चुकत होती.

त्यांनी ते आता लिहिलं. बारीक अक्षरात, जागेत बसवून. शाई जुन्या शाईपेक्षा काळी दिसत होती. शमीमनं वही उचलली आणि काही न बोलता टाइप करायला आत गेली. पुस्तक सुटलं होतं.

मी काठी आणि तिपाई बांधत होते. पौडहून बसची वेळ झाली होती. बार्शीला पोचल्यावर पहिल्या सोमवारी कुणाच्या शेतावर जायचं ते मी ठरवलं होतं. तो मालक आता माझा फोन उचलेल की नाही, ते माहीत नव्हतं.

हलिमाबीनं माझा पदर ओढला. "बाई, काल तुमी म्हनलाव चार शिल्लक. चार म्हंजी किती वो?"

मी तिला उठवून पडवीच्या कडेला नेलं. तिचा हात समोर ताणून धरला, डोंगराच्या दिशेनं, आणि तिची दोन बोटं जुळवून उभी केली. "एक डोळा मिटा. ही दोन बोटं डोंगराचा जेवढा भाग झाकतात ना, साधारण तेवढं."

तिनं बराच वेळ बघितलं. बोटं डोंगरावरून इकडेतिकडे सरकत होती. तिनं डाव्या हातानं उजवं मनगट धरून ती स्थिर केली.

"एवडं?" ती म्हणाली. "लई झालं की."